बांधणीच्या टिपणाचे व्याकरण

व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिलेला पाहून हुपरीतील एक चांदी कारखानदार गृहस्थ सभेपूर्वी आम्हाला म्हणाले, "संगणकाचे टिपण आणि त्याचे व्याकरण! अहो, आमच्या गावाला ह्याचे काय? आमची सारी विद्या मुशीत आणि तराजूत." प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही त्यांना उलट विचारले, "घरी बसून काम करणाऱ्या कारागिराला चांदी देताना आपण चिठ्ठी लिहून देता ना? त्या चिठ्ठीवर '१० जोड' असे लिहिले, तर कारागीर पैंजणांच्या दहा जोड्या करतो, की दहा ठिकाणी डाक लावतो?" ते हसून म्हणाले, "इतके न कळायला तो काय नवखा आहे? नगाच्या रकान्यात लिहिले असेल तर जोड्या, आणि कामाच्या रकान्यात लिहिले असेल तर डाक."

श्रोतेहो, त्या गृहस्थांच्या ह्या उत्तरात आजचे निम्मे व्याख्यान येऊन गेले. शब्द एकच असतो. पण तो कोठे उभा आहे, ह्यावरून त्याचा अर्थ ठरतो, आणि ही जागा ओळखण्याच्या विद्येलाच व्याकरण म्हणतात. कारागीर हे व्याकरण अनुभवाने शिकतो. यंत्राला मात्र ते एकेक नियम सांगून शिकवावे लागते. राहिलेले निम्मे व्याख्यान हे, की चिठ्ठी कळली नाही तर वाचणाऱ्याने काय करावे. आज आम्ही मुख्यत्वे ह्या दुसऱ्या गोष्टीविषयी बोलणार आहोत. कारण जगाचे मोठे नुकसान होण्याचा प्रसंग अगदी अलीकडे, २०२४ साली, तिच्यापायीच आला होता.

प्रथम हे टिपण म्हणजे काय ते पाहू. संगणकावर चालणारा कोणताही प्रोग्रॅम, मग तो बँकेचा असो, इस्पितळाचा असो की आपल्या दुकानातील हिशेबाचा असो, माणूस आधी मजकूर म्हणून लिहितो. हा मजकूर यंत्राला जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करावे लागते, इतरांनी लिहून ठेवलेले तयार भाग त्याला जोडावे लागतात, आणि मग चालणारी वस्तू सिद्ध होते. ह्या सगळ्या खटाटोपाला इंग्रजीत 'बिल्ड' म्हणतात. आपण त्याला बांधणी म्हणू. कोणता भाग कशापासून करावयाचा, कोणते तयार भाग कोठून आणावयाचे, ते कोणत्या आवृत्तीचे हवेत, हे ज्या फाइलीत लिहिलेले असते ते बांधणीचे टिपण. आपल्याकडील भाषेत त्याचा एक नियम लिहावयाचा तर तो असा होईल:

पैंजण : तार कड्या घुंगरू
    तिन्ही जोडून उजाळा द्या

पहिल्या ओळीत अपूर्णविरामाच्या डावीकडे करावयाची वस्तू आणि उजवीकडे तिला लागणारे साहित्य. दुसऱ्या ओळीत कृती. ह्या तऱ्हेचे टिपण वाचणारे 'मेक' नावाचे साधन अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनी १९७६ साली तयार केले. त्याची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. त्यांचे सहकारी स्टीफन जॉन्सन एके दिवशी वैतागून त्यांच्या खोलीत आले. आपल्या प्रोग्रॅममधील चूक शोधण्यात त्यांची सारी सकाळ गेली होती; आणि शेवटी असे दिसून आले, की चूक त्यांनी अगोदरच दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेल्या भागाचे रूपांतर करावयाचे तेवढे राहून गेले होते. म्हणजे तार नवी ओढून तयार होती आणि पैंजणात जुनीच तार बसली होती. हे मनुष्याच्या लक्षात राहत नाही, तर यंत्राने लक्षात ठेवावे, ह्या विचाराने 'मेक' जन्मले. ते प्रत्येक वस्तूची वेळ पाहते. पैंजणापेक्षा तार नवी असेल तर पैंजण पुन्हा बांधते. नसेल तर हात लावीत नाही.

ह्याच साधनात एक खोड राहून गेली, तीही सांगितली पाहिजे. कृतीची ओळ जागा सोडून आत लिहावयाची. पण ती जागा 'टॅब' ह्या कळीनेच सोडलेली हवी. आठ वेळा मोकळी जागा दाबून ओळ तितकीच आत नेली तर डोळ्याला काडीचा फरक दिसत नाही, पण 'मेक' मात्र ती ओळ नाकारते. फेल्डमन ह्यांना ही अडचण लवकरच कळली होती. परंतु तोपर्यंत सुमारे डझनभर लोक, बहुतेक स्नेहीच, ते साधन वापरू लागले होते, आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी नियम बदलला नाही. त्या डझनभर स्नेह्यांसाठी पुढच्या पिढ्यांतील अगणित लोकांनी डोके धरले! तथापि 'मेक'च्या पदरात एक पुण्य टाकले पाहिजे. ओळ समजली नाही तर ते थांबते, आणि अमुक क्रमांकाच्या ओळीत अडले आहे असे सांगते. हे पुण्य किती मोठे, ते थोड्याच वेळात कळेल.

आता कोणी म्हणेल, टिपण साध्या अक्षरांत लिहिलेले असते. मग माणसाने ते डोळ्यांनी वाचावे, किंवा हवा तो शब्द शोधून घ्यावा. त्याला व्याकरण कशाला? ह्याचे उत्तर २०२१ च्या डिसेंबरात साऱ्या जगाला मिळाले. प्रोग्रॅम चालत असताना काय काय घडले ह्याची रोजनिशी ठेवणारा 'लॉगफॉरजे' नावाचा एक तयार घटक आहे. जावा ह्या भाषेतील असंख्य प्रोग्रॅमांत तो बसविलेला होता. विशिष्ट तऱ्हेचा मजकूर ह्या रोजनिशीत नोंदला गेला, तर परका मनुष्य दूर बसून आपल्या यंत्रावर स्वतःचा हुकूम चालवू शकतो, असे त्या महिन्यात उघड झाले. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. मग बँकांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत प्रत्येकापुढे एकच प्रश्न उभा राहिला: हा घटक आपल्या घरात आहे काय?

पुष्कळांनी पहिल्या झटक्यात बांधणीच्या टिपणांत 'लॉगफॉरजे' हा शब्द शोधला. अशा शोधण्याने तीन तऱ्हांनी फसगत होते. टिपणात नुसता शेरा म्हणून लिहिलेला किंवा रद्द केलेला मजकूरही शोधात सापडतो, आणि नसलेला घटक आहे असे वाटते. दुसरी तऱ्हा अशी, की घटकाचे नाव एका ठिकाणी आणि त्याची आवृत्ती दुसऱ्याच ठिकाणी लिहिलेली असते; कधी कधी तर ती वडील टिपणात असते, आणि हे धाकटे टिपण फक्त 'वडिलांप्रमाणे' म्हणून मोकळे होते. तिसरी सर्वांत वाईट. आपण मागविलेल्या घटकाने दुसरा घटक मागविलेला असतो, त्याने तिसरा, आणि त्या तिसऱ्याच्या पोटात 'लॉगफॉरजे' बसलेला असतो. आपल्या टिपणात त्याचे नावही नसते. अशा वेळी शब्द शोधणारा मनुष्य निर्धास्त होऊन झोपी जातो.

म्हणून टिपण शोधावयाचे नसते, वाचावयाचे असते. ह्या वाचण्याला इंग्रजीत 'पार्सिंग' म्हणतात. हा शब्द संगणकवाल्यांनी शोधलेला नाही. तो शाळेतला आहे. आपल्या वडील पिढीतील श्रोत्यांना शाळेतील पदपरिस्फोट आठवत असेल. गुरुजी वाक्य देत, आणि प्रत्येक पदाची जात, लिंग, वचन, विभक्ती आणि वाक्यातील संबंध सांगावा लागे. त्याचेच इंग्रजी नाव पार्सिंग. यंत्रही हाच पदपरिस्फोट करते, आणि तो तीन पायऱ्यांनी करते.

पहिल्या पायरीवर ते अक्षरांच्या रांगेचे तुकडे पाडते. आमच्या वरील नियमात 'पैंजण' हे एक नाव, मग अपूर्णविराम, मग 'तार', 'कड्या', 'घुंगरू' ही तीन नावे, मग ओळ संपल्याची खूण. शेरे असले तर ते येथेच बाजूला पडतात. दुसऱ्या पायरीवर ह्या तुकड्यांची नाती जुळविली जातात: एक नाव, नंतर अपूर्णविराम, नंतर कितीही नावे, नंतर कृतीच्या ओळी, असे मिळाले तर तो एक नियम, आणि असे अनेक नियम मिळून टिपण. ह्यातून एक वंशवृक्ष तयार होतो. मुळाशी टिपण, त्याच्या फांद्या नियम, आणि नियमाच्या डहाळ्या वस्तू, साहित्य व कृती. तिसऱ्या पायरीवर ह्या वृक्षाला अर्थ लावला जातो. 'वडिलांप्रमाणे' असे लिहिलेले असेल तेथे वडील टिपण आणून आवृत्ती भरली जाते, आणि घटकाच्या घटकापर्यंत माग काढला जातो.

दुसरी पायरी नुसत्या शोधण्याने का साधत नाही, हेही समजून घेऊ. चांदीच्या डबीत डबी, तिच्यात आणखी डबी, अशी रचना मनात आणा. बाहेरून आत जाताना किती झाकणे उघडली ह्याची आठवण ठेवली नाही, तर परत येताना कोणते झाकण कोणत्या डबीचे ते कळणार नाही. टिपणातही कंसात कंस आणि खुणेत खूण अशीच रचना असते. केवळ ठरावीक नमुना शोधणाऱ्या साधनाची स्मृती मर्यादित असते. डब्या कितीही असू शकतात म्हटल्यावर ते हरते. त्यासाठी ताटांच्या चळतीसारखी स्मृती लागते: शेवटी ठेवलेले ताट आधी उचलावयाचे. नोम चॉम्स्की ह्यांनी १९५६ साली व्याकरणांची जी प्रतवारी मांडली, तिच्यामुळे हा भेद गणिताच्या स्पष्टतेने लोकांपुढे आला. जॉन बॅकस ह्यांनी १९५९ साली संगणकाच्या भाषेचे व्याकरण लिहिण्याची एक पद्धत मांडली, आणि पीटर नौर ह्यांनी १९६० साली 'अल्गोल' भाषेच्या अहवालात ती वापरली. त्या दोघांच्या नावाने ती आजही चालते.

१९६७ साली इंगरमन नावाच्या एका जाणकारांनी अमेरिकेतील संगणकशास्त्राच्या नियतकालिकाला पत्र लिहून सुचविले, की ह्या पद्धतीला पाणिनी आणि बॅकस ह्यांचे नाव द्यावे. त्या पत्राचा आपल्याकडे बऱ्याचदा भलताच बोभाटा होतो. पाणिनीला संगणक ठाऊक होता असे कोणी म्हणू लागला, तर त्याने पाणिनीही वाचलेला नाही आणि संगणकही पाहिलेला नाही असे समजावे. परंतु अष्टाध्यायीतील सुमारे चार हजार सूत्रांची ठेवण पाहिली, तर एक गोष्ट आजच्या विषयाला तंतोतंत लागू पडते. तिला अनुवृत्ती म्हणतात. आधीच्या सूत्रातील पद पुढच्या सूत्रात पुन्हा न लिहिता चालू राहते. त्यामुळे मधलेच एक सूत्र उचलून वाचले तर अर्थ अर्धवट लागतो किंवा चुकतो. वडील टिपणातील आवृत्ती धाकट्या टिपणात येते ती ह्याच न्यायाने. आपल्या जुन्या पाठशाळांतील विद्यार्थी सूत्र वाचताना अनुवृत्ती कोठून येते ते प्रथम पाहत. बांधणीचे टिपण वाचणाऱ्यानेही प्रथम तेच पाहिले पाहिजे.

येथपर्यंत आपण टिपण वाचावयास शिकलो. आता ते चुकीचे वाचले गेले तर काय होते, ह्याकडे वळू.

चूक दोन प्रकारची असते. एक ओरडणारी आणि दुसरी मुकी. टॅबची चूक ओरडणारी. ती कामाचा खोळंबा करते, पण फसवीत नाही. मुक्या चुकीचे उदाहरण 'यॅमल' नावाच्या टिपणपद्धतीत पाहावयास मिळते. ही पद्धत माणसाला वाचावयास सोपी म्हणून आज सर्वत्र वापरली जाते. तिच्यात मूल्याला अवतरणचिन्हे देण्याची सक्ती नाही. समोरचे अक्षर संख्या आहे की नाव, हे वाचणारे साधन स्वतःच ताडते. आता पायथन ह्या भाषेची आवृत्ती ३.१० हवी आहे असे कोणी लिहिले, तर साधन म्हणते, ही दशांश संख्या दिसते, शेवटच्या शून्याला किंमत नाही, म्हणजे ३.१. आणि ते ३.१ ही कित्येक वर्षांपूर्वीची आवृत्ती मागवावयास निघते. आम्ही स्वतः ह्यापायी एक अख्खी दुपार घालविली आहे.

तराजूपुढे बसणाऱ्याला ह्यातील मर्म चटकन कळेल. ३.१० किलो चांदी आणि ३.१ किलो चांदी ह्यांत रतीचाही फरक नाही. वजन म्हणून यंत्राने केलेला हिशेब बिनचूक आहे. पण आवृत्ती हे वजन नव्हे. ते तिसऱ्या भागातील दहावे प्रकरण आहे. दहावे प्रकरण आणि पहिले प्रकरण एक कसे होईल? चूक गणिताची नाही. जात ओळखण्याची आहे. पदपरिस्फोटात आपण प्रथम पदाची जात सांगत असू, ते उगीच नव्हे. ह्याच पद्धतीच्या जुन्या नियमांत 'नो' हे अक्षरद्वय 'नाही' असे वाचले जाई. त्यामुळे देशांच्या यादीत नॉर्वेसाठी लिहिलेल्या दोन अक्षरांच्या खुणेचे रूपांतर 'नाही'त होई, आणि तो देश यादीतून मुकाट्याने नाहीसा होई. २००९ च्या सुधारित नियमांनी हे काढून टाकले; परंतु जुन्या नियमांनी वाचणारी साधने पुढेही वापरात राहिली. उपाय अगदी साधा आहे: नाव असेल तेथे अवतरणचिन्हे घालावी.

आता आरंभी उल्लेखिलेल्या २०२४ च्या प्रसंगाकडे येतो. 'एक्सझेड' नावाचे एक मुक्त साधन आहे. मोठ्या फाइली दाबून लहान करणे एवढेच त्याचे काम. जगातील असंख्य लिनक्स यंत्रांवर ते असते. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ त्या साधनात निमूटपणे चांगले काम केले, त्याची देखभाल करणाऱ्याचा विश्वास संपादन केला, आणि २०२४ च्या आरंभी दोन आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसविला. दूरवरून यंत्रात शिरण्याचा हा दरवाजा होता. आता लक्ष द्या: दरवाजाची गुरुकिल्ली प्रोग्रॅमच्या मुख्य मजकुरात नव्हती. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फाइलींत मूळ विष दडविलेले होते, आणि ते काढून प्रोग्रॅमात मिसळण्याचे काम बांधणीच्या टिपणातील काही ओळी करीत. त्यातही जी ओळ हे काम सुरू करी, ती सर्वांसमोर ठेवलेल्या संग्रहात नव्हतीच. वाटण्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढी घातलेली होती.

ह्याच प्रकरणात आणखी एक लहानशी करामत होती. चोराला घरात फार हिंडता येऊ नये म्हणून लिनक्समध्ये 'लँडलॉक' नावाचे कुंपण असते. ते ह्या यंत्रावर उपलब्ध आहे किंवा नाही, हे बांधणीचे टिपण आधी तपासून पाहते. तपासण्याची रीत अशी: एक चिमुकला प्रोग्रॅम लिहावयाचा आणि त्याचे रूपांतर करून पाहावयाचे. रूपांतर झाले तर कुंपण आहे; न झाले तर कुंपण नाही. त्या चिमुकल्या प्रोग्रॅमात एका ओळीच्या आरंभी कोणी एक टिंब ठेवून दिले. फक्त एक टिंब. टिंबामुळे प्रोग्रॅम अशुद्ध झाला, रूपांतर कोणत्याच यंत्रावर होईना, आणि टिपणाने प्रत्येक ठिकाणी उत्तर दिले: कुंपण नाही. मग कुंपणावाचूनच बांधणी पुरी झाली. कोणी ओरडले नाही, कोठे काम अडले नाही.

श्रोतेहो, ह्या टिंबात आमच्या सांगण्याचे सार आहे. रूपांतर करणाऱ्या कंपायलरला ते टिंब दिसले होते. त्याने तक्रारही केली होती. पण टिपणाने त्या तक्रारीचा अर्थ 'मला समजले नाही' असा न लावता 'नाही' असा लावला. ही दोन उत्तरे वेगळी आहेत. टंच काढणाऱ्याकडे आपण चांदी नेली आणि त्याचे यंत्र त्या दिवशी बिघडलेले असले, तर तो 'आज सांगता येत नाही' म्हणतो. त्या ऐवजी त्याने 'चांदी हिणकस आहे' असा दाखला लिहून दिला, तर आपण त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकणार नाही. चांगला वाचक तो, की जो न कळलेल्या जागेवर बोट ठेवतो आणि तिला 'न कळलेली' असेच नाव देतो.

हा कट उघडकीस कसा आला? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला असे दिसले, की आपल्या यंत्रात दूरवरून शिरावयास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. त्यांनी हे हसण्यावारी नेले नाही. माग काढीत ते बांधणीच्या टिपणापर्यंत पोचले, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सर्व हकीकत जाहीर केली. बहुतेक लोकांच्या यंत्रांवर त्या आवृत्त्या पोचण्यापूर्वीच हे घडले, हे आपले नशीब. ते साधन खुले होते म्हणूनच चोराला त्यात शिरता आले, असे काही जण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. परंतु ते खुले होते म्हणूनच एका परक्या मनुष्याला, कोणाची परवानगी न मागता, मुळापर्यंत खणता आले, हेही तितकेच खरे. खुलेपणाने प्रामाणिकपणा आपोआप येत नाही. तपासण्याची सोय तेवढी होते. तपासणारे आपणच असावे लागतो.

म्हणूनच टिपण वाचणारी साधनेही खुली असणे आम्ही महत्त्वाचे समजतो. तराजू कसा तोलतो ते पाहू न देणाऱ्या दुकानात आपण चांदी घालीत नाही. सुदैवाने अशा साधनांची उणीव नाही. ज्यांची सकाळ वाया गेली होती त्या स्टीफन जॉन्सन ह्यांनीच सत्तरीच्या दशकात 'याक' हे साधन केले: त्याला व्याकरणाचे नियम द्यावयाचे आणि त्याने ते व्याकरण वाचणारा प्रोग्रॅम लिहून द्यावयाचा. 'बायसन' हा त्याचा मुक्त वारसदार. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली घोषित केलेल्या 'ग्नू' प्रकल्पात तो नांदतो. कोनाकृती खुणांत लिहिलेली टिपणे शुद्ध आहेत की नाहीत हे 'एक्सएमएललिंट' सांगते. महिरपी कंसांतील टिपणांतून हवी ती फांदी 'जेक्यू' काढून देते. 'ट्री-सिटर' नावाचे साधन तर न समजलेल्या तुकड्यावर 'येथे चूक' अशी स्वतंत्र पाटी लावून पुढचे वाचीत राहते. 'नाही' आणि 'समजले नाही' ह्यांतील भेद त्याच्या वृक्षातच दिसतो. मात्र टिंबाच्या प्रकरणाने शिकविलेली एक सावधगिरी येथेही लागते. तो चिमुकला प्रोग्रॅम बाहेरच्या टिपणाच्या दृष्टीने केवळ अवतरणातील मजकूर होता, आणि म्हणून शुद्धच होता. एका भाषेच्या पोटात दुसरी भाषा असली, की आतला मजकूर काढून त्याच्या स्वतःच्या व्याकरणाने वाचावा लागतो.

ही विद्या आपल्या मुलखाला परकी नाही. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. उदय खेडकर ह्यांनी 'जीसीसी' ह्या ग्नू प्रकल्पातील कंपायलरच्या अभ्यासासाठी एक केंद्रच चालविले, आणि मुळात बाहेरच्या लोकांनी लिहिलेला तो अवाढव्य ग्रंथ आपल्या विद्यार्थ्यांना आतून वाचावयास शिकविले. मजकूर खुला नसता तर हे शिक्षण शक्यच नव्हते.

आता एक पथ्य सांगतो, जे नव्या मंडळींच्या हातून वारंवार मोडते. काही टिपणे नुसती यादी नसतात. ती स्वतःच छोटा प्रोग्रॅम असतात. त्यांत काय आहे ते पाहण्यासाठी ती चालवून पाहण्याचा मोह होतो. परक्याकडून आलेले टिपण चालवून पाहणे म्हणजे पुडीत विष आहे काय हे चाखून ठरविण्यासारखे आहे. वाचणे वेगळे आणि त्याबरहुकूम वागणे वेगळे. पायथन भाषेत टिपणाचा वृक्ष करून पाहण्याची, परंतु त्यातील एकही हुकूम न चालविण्याची सोय आहे; ती वापरावी. 'यॅमल'चे टिपण वाचण्याच्याही धोकादायक आणि सुरक्षित अशा दोन रीती असतात. सुरक्षित तीच घ्यावी. अर्थात चालविल्याखेरीज काही टिपणांचा अर्थ पुरता लागत नाही, हेही मान्य केले पाहिजे. अशा जागी वाचणाऱ्या साधनाने अंदाज न ठोकता 'हे मूल्य वाचून ठरविता येत नाही' एवढेच लिहावे.

शेवटी त्या कारखानदार गृहस्थांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या गावाला ह्याचे काय? हुपरीतून नगाला नग लागून जो माल देशभर जातो, त्याचे बिल आज संगणक करतो. पैसे भ्रमणध्वनीवरून येतात. चांदीचा टंचही यंत्राने मोजला जातो. ह्या प्रत्येकाच्या पोटी बांधणीचे एक टिपण आहे, आणि त्या टिपणात आपण कधी नावही न ऐकलेले शेकडो घटक असू शकतात. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' ह्या संस्थेने २०२४ साली सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी कशी ठेवावी ह्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ही यादी म्हणजे आपल्या मालाबरोबर जाणाऱ्या वजन-टंचाच्या चिठ्ठीसारखीच आहे. ती हाताने लिहिली तर दुसऱ्या दिवशी शिळी होते. ती टिपणे वाचून यंत्रानेच तयार करावी लागते. तेव्हा हिशेबाचा प्रोग्रॅम विकावयास कोणी दारात आला, तर त्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. ह्यातील घटकांची यादी मिळेल काय? आणि ती यादी करणाऱ्या साधनाला जे समजले नाही, ते यादीत वेगळे दाखविले आहे काय?

पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण 'हो' म्हणतील. दुसऱ्या प्रश्नाला जो विक्रेता थोडा थांबून, 'अमुक तीन जागा आमच्या साधनाला वाचता आल्या नाहीत. त्या आम्ही हाताने पाहिल्या' असे उत्तर देईल, त्याच्याशी खुशाल व्यवहार करावा. आणि आपल्या गावची जी मुले पुण्या-मुंबईकडे ह्याच धंद्यात गेली आहेत, ती सुटीत घरी आली म्हणजे त्यांना घरातील जुनी चिठ्ठी दाखवून '१० जोड' म्हणजे काय ते जरूर विचारावे. ज्याने आधी रकाना पाहिला, त्याला हे काम जमेल.